थांबलेल्यांचा रकाना

४ फेब्रुवारी

बारक्या,

आशीर्वाद आहेतच, दर पत्रात ते नव्याने काय लिहायचे. फोन का केला नाही म्हणून फुगून बसू नकोस. आमच्या रस्त्यावर आता सगळ्या खिडक्या लावून घेतल्या तरी फोनवरचं माणूस ऐकू येत नाही. मागच्या वेळी मी नुसती हो-हो करत होते. नंतर कळलं की तू गुडघ्याच्या ऑपरेशनचं सांगत होतास. म्हणून हे पत्र.

बातमी अशी की तुझ्या ताईच्या हृदयाने कुरकुर सुरू केली आहे. मंगळवारी जिना चढताना छातीवर कुणी तरी शिवणयंत्र आणून ठेवल्यासारखं झालं. खालच्या मजल्यावरच्या घड्याळवाल्यांनी धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाई वयाने लहान आहेत, पण बोलायला खमक्या. म्हणाल्या, "शिरा अरुंद झाल्यात. निम्मं काम गोळ्या करतील, निम्मं तुमचे पाय. रोज चाळीस मिनिटं सपाट जागेवर, सावलीतून चालायचं. दम लागला की बसायचं, मग उठून पुन्हा चालायचं. तीन महिने हे केलंत तर ऑपरेशन टळेल. नाही तर छाती उघडावी लागेल आणि तुमच्या वयाला, तुमच्या साखरेला ते मी सुखासुखी करणार नाही." मग विचारलं, राहता कुठे? मी रस्ता सांगितला. बाईंनी हातातलं पेनच खाली ठेवलं. म्हणाल्या, वर्षभरात त्या रस्त्यावरून आलेल्या तुम्ही सातव्या.

आता तूच सांग, कुठे चालू? रस्ता रुंद केल्याला बारा वर्षं झाली. झाडं गेली, बाक गेले. बाग समोरच दिसते, पण मध्ये सहा पदरी रस्ता, आणि सिग्नल अठरा सेकंदांचा. अठरा सेकंदांत माझी चप्पल पोचेल, मी नाही.

तू चौतीस वर्षं रस्ते खात्यात काढलीस. तिथे कुणाच्या तरी कानावर घाल. रस्त्याच्या मध्यावर टेकायला एक ओटा, दोन बाक आणि थोडा जास्त वेळ, एवढंच मागणं आहे. तीन महिन्यांतले चार दिवस हे पत्र लिहायचं की नाही यात गेले.

ताई

१३ फेब्रुवारी

ताई,

पत्र मिळालं. आधी का कळवलं नाहीस? तू नेहमी अशीच, सगळं होऊन गेलं की सांगणार.

खात्याचं म्हणशील तर मला निवृत्त होऊन आठ वर्षं झाली. आता मला तिथे कोण ओळखतं? आणि या गोष्टी कुणाच्या सांगण्यावर ठरत नाहीत. वर आकडे जातात, आकड्यांवरून आराखडा होतो. खालच्या माणसाच्या हातात काही नसतं. तू त्यात डोकं घालू नकोस. उगाच रक्तदाब वाढेल.

त्यापेक्षा घरातल्या घरात चाल. गच्चीवर चाल. किंवा सरळ माझ्याकडे ये. इथे इमारतीच्या आवारात चालायला फरशी घातली आहे. तुझी भावजय खोली आवरून ठेवते म्हणते. ये ना, ताई. खरंच सांगतो.

गोळ्या वेळेवर घे.

तुझा,
बारक्या

२२ फेब्रुवारी

बारक्या,

तुझ्या पत्रात 'ये' दोन वेळा आहे आणि 'विचारतो' एकदाही नाही. वाचता येतं मला.

गच्चीवर मोबाइल कंपनीचा मनोरा आहे आणि त्याला कुलूप. घरात चालले. हॉलमधून स्वयंपाकघरात, तिथून हॉलमध्ये. एकसष्ट फेऱ्या झाल्या आणि खालून घड्याळवाल्यांनी काठीने छत ठोकलं. सज्जन माणूस आहे, पण त्यांना बारीक चक्रं बसवायची असतात. आणि तुझ्याकडे मी येणार नाही. चाळीस वर्षं ज्या खिडकीत बसून गणवेश शिवले, ती सोडून तुझ्या फरशीवर गोल गोल फिरायला मी काही घाण्याला जुंपलेली नाही.

मी काल टेप घेऊन खाली उतरले. फुटपाथ एकतीस इंच. त्यात विजेचे खांब. खांबापाशी उरतात चौदा इंच. माझी कंबर तुला माहीत आहे.

आता ऐक. घड्याळवाल्यांनी खात्यात अर्ज करून रस्तारुंदीच्या जुन्या फाइलीची नक्कल मिळवली. त्यात मोजणीचा शेवटचा कागद आहे. सकाळी सात ते अकरा, साठीच्या वरचे पादचारी, तीन दिवसांची बेरीज: तीन. तीन! अरे, आमच्या एका जिन्यात तेव्हा नऊ म्हातारे होते आणि नऊच्या नऊ सकाळी बाहेर पडत होते. त्या तीनच्या जोरावर वर शेरा मारलाय, "ज्येष्ठांची वर्दळ नगण्य". आम्ही नगण्य! कुठल्या गाढवाने मोजलं हे? नाव नाही, नुसतं 'मोजणीदार क्रमांक १७'.

तू तेव्हाच माझ्या गॅलरीत तीन दिवस बसून गाड्या मोजत होतास. माणसं मोजणारा तुझ्याच तुकडीतला कुणी तरी असणार. सतरा नंबर कोण, ते शोधून काढ. मला त्याला फक्त एकदा समोर बसवून विचारायचं आहे की बाबा, तुझे डोळे कुठे होते?

ताई

५ मार्च

ताई,

तुझं पत्र मिळालं. गुडघा दुखतो म्हणून उत्तराला उशीर झाला.

सतरा नंबर आता कुठे असेल कोण जाणे. त्या वेळी रोजंदारीवरही माणसं घ्यायचे. कोण आला, कोण गेला, नोंद नाही. इतक्या वर्षांनी मेलेलं मढं उकरून काय हाती लागणार? कदाचित त्यानेही नियमाप्रमाणेच मोजलं असेल.

तुझ्यासाठी मऊ तळाच्या चपला पाठवल्या आहेत. साखर किती आली ते कळव.

बारक्या

१७ मार्च

बारक्या,

चपला छान आहेत. त्या घालूनच पडले असते.

बागेत जायचंच म्हणून शुक्रवारी निघाले. हिरवा दिवा लागला तशी पाऊल टाकलं. मध्यावर पोचेपर्यंत लाल झाला. पुढेही गाड्या, मागेही गाड्या, आणि टेकायला काही म्हणजे काही नाही. एक गाडीवाला काच खाली करून म्हणाला, "आजी, मरायचं असेल तर घरी मरा." छातीत कळ आली. दोन दिवस दवाखान्यात होते. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या वाढवल्या आणि स्पष्ट सांगितलं की आता हातात दीड महिना आहे. त्यांना मी काय सांगू, की बाई, तुमचं औषध रस्त्यापलीकडे आहे?

घरी आल्या आल्या अर्ज लिहिला. बेचाळीस सह्या जमल्या. फेरमोजणी करतो असं खात्याने कळवलं आहे, तारीख अजून यायची आहे. त्या वेळी आम्ही कसे निसटलो हे मला कळलंच पाहिजे, नाही तर पुन्हा निसटू. तुम्ही लोक माणूस मोजता कसा? कोणाला धरता, कोणाला सोडता? हे तुझ्याशिवाय मला कोण सांगणार? चपला नकोत, हे सांग. बहिणीसाठी एवढं कर.

ताई

२५ मार्च

ताई,

हे पत्र चार वेळा फाडलं. आता पाचव्यांदा लिहितो आहे आणि पुन्हा न वाचता टाकणार आहे.

सतरा नंबर मीच. गाड्या मोजणारा दुसरा होता, तो चौकात बसायचा. मी तुझ्या गॅलरीत बसून माणसं मोजत होतो. तू गाड्या समजलीस, मी तुझा समज तसाच राहू दिला.

पद्धत अशी असते. फुटपाथवर दोन पांढऱ्या रेघा मारतात, मध्ये पन्नास पावलं. या रेघेपासून त्या रेघेपर्यंत जो न थांबता जातो तो पादचारी. मध्ये जो थांबला, बसला, भिंतीला टेकला, तो 'थांबलेला'. त्याचा रकाना वेगळा आणि तो बेरजेत धरत नाहीत. फेरीवाले, गप्पा मारणारी टोळकी यांनी आकडा फुगू नये म्हणून हा नियम. नियम वाईट नाही. पण तुमच्या रस्त्यावर दोन रेघांच्या मध्ये नेमका बाक होता आणि झाडाची सावली होती. म्हातारं माणूस तिथे थांबणारच. मी तीन मांडले आणि एकशे अठ्ठेचाळीस थांबलेले. तुम्हाला मिळालेल्या कागदावर फक्त बेरीज आहे.

मला दिसत होतं, ताई. दुसऱ्या दिवशी तू पिशवी घेऊन आलीस, बाकावर टेकलीस, वर बघून मला हात केलास. मीही हात केला. आणि थांबलेल्यांच्या रकान्यात रेघ ओढली. मग तू वर येऊन मला चहा दिलास.

साहेबांना एक ओळ लिहून देता आली असती की इथले थांबलेले हे चालणारेच आहेत. मनात आलं होतं. पण बढतीची यादी निघायची होती आणि वेगळं लिहिणारा माणूस साहेबांना खपत नसे. चौतीस वर्षांत माझ्या मोजणीत एकही चूक निघाली नाही, असं मला निरोपाच्या भाषणात म्हणाले होते.

तू विचारलंस म्हणून सांगतो. नियम अजून तोच आहे. दोन रेघांच्या मध्ये कोणीही थांबू नका.

बारक्या

१ एप्रिल

बारक्या,

वाचलं. चष्मा पुसून पुन्हा वाचलं. वाटलं, अक्षर तरी दुसऱ्या कुणाचं निघेल.

तुला आई गेल्यावर मी वाढवलं, हे मी कधी काढलं नाही. आज काढते. तुझ्या शाळेची पहिली चड्डी मी शिवली, बारा वर्षांची असताना, हाताने. मी सातवी शिकलेली बाई. चाळीस वर्षं गणवेश शिवले. एखाद्या पोराचा हात आखूड असला तर त्याची बाही आखूड शिवायची, तक्त्यातल्या मापाची नाही, एवढं मला कळत होतं. पोराला तक्त्यात बसवायला त्याचा हात ओढायचा नसतो. तू शिकलास, साहेबांत बसलास, आणि सख्ख्या बहिणीला बाकावर बसलेली बघून बाद केलंस. वर तिचाच चहा प्यालास. साखर बरोबर होती ना?

बढती मिळाली ती मला आठवते. तू पेढे पाठवले होतेस आणि मी ते साऱ्या जिन्यात वाटले. ज्या नऊ जणांना तू बाद केलंस, त्यांनीच ते गोड मानून खाल्ले. त्यातले पाच आता नाहीत. तिघं छातीनेच गेले. रस्त्यानेच गेले असं मी म्हणत नाही. पण बाक गेल्यावर ते बाहेर पडायचे थांबले, हे मी माझ्या खिडकीतून पाहिलं आहे. रोजचं हसणं-बोलणं गेलं, मग पाय गेले, मग माणूस.

असो. नियम सांगितलास हे बरं केलंस. मोजणी नऊ तारखेला आहे. बेचाळीस जणांना मी निरोप दिला आहे, त्या दिवशी कोणीही थांबायचं नाही. तुझ्याच नियमाने चालून दाखवतो.

उत्तर लिहायचे कष्ट घेऊ नकोस.

ताई

५ एप्रिल

ताई,

शिव्या दे, पण हे ऐक. तू चालू नकोस. तुला दम लागला की बसायला सांगितलं आहे, आणि मी न थांबता चालायला सांगून बसलो. मला हे तेव्हा सुचलंच नाही. मोजणी म्हटलं की माझं डोकं मोजणीतच जातं. बाकीचे एकेचाळीस पुरे आहेत. तू गॅलरीत बस. तुझ्या एकटीने आकड्यात काही फरक पडत नाही.

फोन केला होता. तू उचललास, पण गाड्यांच्या आवाजात तुला काही ऐकू गेलं नाही. तू 'हो हो' म्हणालीस.

बारक्या

१२ एप्रिल

ताईंच्या धाकट्या बंधूंना नमस्कार.

मी खालच्या मजल्यावरचा घड्याळवाला. आपली ओळख जिन्यापुरतीच. आपल्याला कळवा असं ताईंनी सांगितलेलं नाही, मी आपणहून लिहितो आहे.

नऊ तारखेला सकाळी सातला खात्याची एक मुलगी छत्रीखाली खुर्ची टाकून बसली. रेघा मारलेल्या होत्या. आम्ही ठरल्याप्रमाणे पाच-पाच जण एकामागे एक, खांबापाशी अंग चोरून निघालो. मला दोन फेऱ्यांतच धाप लागली, पण थांबलो नाही. कोणीच थांबलं नाही. पंच्याऐंशी वर्षांचे मास्तर भिंतीकडे बघतसुद्धा नव्हते, न जाणो हात टेकवायचा मोह व्हायचा. इतकी म्हातारी माणसं इतकी ताठ चाललेली मी कधी पाहिली नाहीत. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती.

प्रत्येकाने दोन फेऱ्या करायच्या असं ठरलं होतं. ताईंनी मोजून बारा केल्या. सहावीनंतर मी त्यांना अडवलं. म्हणाल्या, "बारा वर्षांत जितक्यांदा मोजलं नाही, त्यातल्या थोड्या तरी भरून काढते." पुढे त्यांचे ओठ काळे पडत होते. मी हात धरायला गेलो तर झिडकारला, म्हणाल्या, हात धरला तर थांबल्यात जमा करतील. नऊ वाजून एक्केचाळीस मिनिटांनी त्यांनी दुसरी रेघ ओलांडली आणि विजेच्या पेटीला धरून खाली बसल्या. रेघ ओलांडूनच बसल्या. त्या रुंद रस्त्यावर रुग्णवाहिकेला आमच्यापर्यंत यायला सव्वीस मिनिटं लागली. वेळेच्या बाबतीत माझी चूक होत नाही.

मोठा झटका होता. जीव वाचला. काल शुद्धीवर आल्या तेव्हा पहिला प्रश्न असा की, "बारावी धरली का?" मी त्या मुलीला जाऊन विचारून आलो. धरली आहे.

आपलं पाच तारखेचा शिक्का असलेलं पत्र अकराला आलं. मी ते फोडलेलं नाही, त्यांच्या टेबलावर ठेवलं आहे.

घड्याळवाला

२८ एप्रिल

ताई,

मी दवाखान्यात येऊन गेलो. तू भिंतीकडे तोंड केलंस. झोपली नव्हतीस, मला कळलं. लहानपणीही तू अशीच डोळे घट्ट मिटायचीस. मी अर्धा तास उभा राहिलो. परिचारिकेने खुर्ची दिली, पण बसवलं नाही.

तिथून थेट खात्यात गेलो. लेखी जबानी पुढे ठेवली की बारा वर्षांपूर्वीची मोजणी मी केली, माणसं असताना नसल्यासारखी दाखवली, त्यावर काढलेला आराखडा चुकीचा आहे. साहेब तरुण आहे. चहा पाजला. म्हणाला, "काका, दहा वर्षांपेक्षा जुने मूळ तक्ते आम्ही नष्ट करतो. बेरजेत तर चूक दिसत नाही. तुम्ही सांगता ती चूक आमच्या दप्तरात नाहीच." मी म्हटलं, माझ्या बहिणीच्या छातीत आहे. तो ओशाळला, पण कागद घेतला नाही.

मी सोडणार नाही. वरच्या कचेरीत अर्ज करतो. तिथे नाही झालं तर त्याच्या वर. तुझ्यासमोर बाक बसवून घेईन तेव्हाच तोंड दाखवीन.

बारक्या

२ जून

बारक्या,

हे घड्याळवाल्यांकडून लिहवून घेते आहे. माझा हात अजून थरथरतो. त्यामुळे शब्द माझे आणि अक्षर त्यांचं, म्हणून जरा सभ्य वाटेल.

फेरमोजणीचा निकाल आला. जशाचा तसा सांगते. "सदर रस्त्यावर ज्येष्ठ पादचाऱ्यांची वर्दळ भरपूर आढळली. सर्व ज्येष्ठ पादचारी सलग चालण्यास सक्षम असून एकही मध्ये थांबलेला आढळला नाही. सबब बाक, सावली, रस्त्यामधला ओटा तसेच सिग्नलचा वाढीव वेळ यांची आवश्यकता दिसून येत नाही." खाली सही. यातलं एक अक्षर खोटं नाही. आम्ही खरंच थांबलो नव्हतो. मास्तरांनी हे ऐकलं आणि हसता हसता त्यांना ठसका लागला.

एकाच घरातली दोन शहाणी आपण. तू मला थांबले म्हणून बाद केलंस, आणि मी थांबले नाही म्हणून सगळ्यांना बाद केलं. मास्तर म्हणत होते की आपल्याला जसं चालता येतं तसंच चालू या, थांबत थांबत, दिसू दे त्यांना. मीच त्यांना गप्प केलं. म्हटलं, माझा भाऊ खात्यात होता, तो सांगतो ते खरं. एवढं झाल्यावरही मी तुझंच ऐकलं, याचा मला तुझ्यापेक्षा जास्त राग येतो.

डॉक्टरीणबाई परवा घरी आल्या होत्या. हृदयाचा निम्मा भाग आता काम करत नाही, ऑपरेशन झेपणार नाही. चालणं बंद सांगितलं आहे. जिना उतरायचा नाही, घरातही पलंगापासून न्हाणीपर्यंत, बास. तेव्हा बाकाचे अर्ज थांबव. माझ्यासाठी म्हणून करत असशील तर मला आता त्या रस्त्याचा काही उपयोग नाही. मास्तरांसाठी करणार असशील तर कर, पण मला त्यातलं काही कळवू नकोस.

यायचं असलं तर ये. बाक बसवूनच तोंड दाखवीन वगैरे नाटकं नकोत, तेवढा वेळ माझ्याकडे नाही. दार दिवसभर नुसतं लोटलेलं असतं. तुझ्यासाठी नाही, मला उठून उघडायची मनाई आहे म्हणून.

ताई